जॉन्सटाउनचे संपलेले संघ : एका पोलादनगरीचा आइस हॉकी आणि बेसबॉलचा इतिहास

नदीकाठ (धागाकर्ता)

पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागात, पिट्सबर्गच्या पूर्वेला सुमारे ११० किलोमीटरवर, दोन नद्यांच्या संगमातून कोनेमॉ नदी सुरू होते तिथल्या चिंचोळ्या दरीत जॉन्सटाउन हे शहर वसलेले आहे. ज्यांना हे नाव ठाऊक असते त्यांना ते बहुधा ३१ मे १८८९ च्या धरणफुटीमुळे ठाऊक असते. त्या दिवशी २,२०९ माणसे दगावली. या धाग्याचा विषय तो पूर नाही. मात्र दुसरा एक पूर पुढे येणार आहे. १९२० च्या जनगणनेत ६७,३२७ आणि २०२० च्या जनगणनेत १८,४११ लोकवस्ती असलेल्या या शहरात शंभर वर्षांत आइस हॉकी, बेसबॉल आणि बंदिस्त मैदानावरचे अमेरिकी फुटबॉल मिळून मायनर लीगचे, म्हणजे दुय्यम पातळीवरचे, दहाच्या आसपास व्यावसायिक संघ होऊन गेले. त्यांपैकी आज एकही शिल्लक नाही.

लहान शहरातला संघ बंद पडला की दोनच कारणे सांगितली जातात : संघ हरू लागला किंवा प्रेक्षक येईनासे झाले. जॉन्सटाउनचा इतिहास वाचल्यावर ही दोन्ही कारणे मला अपुरी वाटतात. इथले संघ बहुतेक वेळा शहराबाहेर घेतलेल्या निर्णयांमुळे संपले. कधी संघ ज्या लीगमध्ये खेळत होता ती लीगच विसर्जित झाली, कधी मालकाने संघ उचलून दुसऱ्या राज्यात नेला, तर एकदा सभागृहात पाणी शिरून बर्फ तयार करणारी यंत्रणाच निकामी झाली. या तीन वेगळ्या घटनांना आपण सरसकट 'संघ बंद पडला' असे म्हणतो आणि मग शहरालाच दोष देऊन मोकळे होतो.

हॉकीपासून सुरुवात करतो. १९४१-४२ च्या हंगामात ब्लूबर्ड्‌स नावाचा संघ ईस्टर्न लीगमध्ये एक वर्ष खेळला, परंतु या शहरातल्या हॉकीचा खरा आरंभ १९५० चा. त्या वर्षी सैनिकांच्या स्मरणार्थ कॅम्ब्रिया काउंटी वॉर मेमोरियल हे सुमारे चार हजार आसनांचे सभागृह उघडले आणि त्याच हंगामात जॉन्सटाउन जेट्स हा संघ उभा राहिला. शहराची लोकसंख्या तेव्हा साठ हजारांवर होती, बेथलेहेम स्टीलच्या भट्ट्या नदीकाठाने काही किलोमीटर पसरलेल्या होत्या आणि कारखान्यात दिवसरात्र पाळ्या चालत. हिवाळ्यात संध्याकाळी जाण्यासारखी, पगारदार माणसाला परवडणारी जागा म्हणजे हे सभागृह होते.

जेट्स २७ हंगाम टिकले. पहिली तीन वर्षे ईस्टर्न हॉकी लीग, पुढची दोन इंटरनॅशनल हॉकी लीग, १९५५ पासून १९७३ पर्यंत पुन्हा ईस्टर्न आणि अखेरची चार वर्षे नॉर्थ अमेरिकन हॉकी लीग, असा त्यांचा प्रवास झाला. १९६०, १९६१ आणि १९६२ या सलग तीन वर्षी त्यांनी ईस्टर्न लीगचे विजेतेपद मिळवले. १९७५ मध्ये, लोकवस्ती आणि रोजगार दोन्ही ओसरत असताना, त्यांनी ब्रूम डस्टर्स या संघाला अंतिम फेरीत हरवून नॉर्थ अमेरिकन लीगचा लॉकहार्ट करंडकही जिंकला. त्यानंतर दोनच वर्षांत हा संघ अस्तित्वात राहिला नाही. संघ हरतो म्हणून बुडतो, हे म्हणणे इथेच कोलमडते.

पुढचे संघ, बेसबॉल आणि विशेषतः १९७७ चे वर्ष यांविषयी जाणकारांनी भर घालावी.

प्रश्नार्थी

लेख आवडला, मात्र मुळातली एक गोष्ट स्पष्ट करावी. मायनर लीग म्हणजे आपल्याकडच्या रणजी करंडकासारखी दुय्यम पातळी समजावी का? तसे असेल तर एक लीग विसर्जित झाल्यावर संघाने दुसरीकडे खेळायला अडचण काय? महाराष्ट्राच्या रणजी संघाला कोणी विकत घेऊन दुसऱ्या राज्यात नेल्याचे आपण कधी ऐकलेले नाही.

हिशेबनीस

प्रश्नार्थी, रणजीचा संघ राज्य क्रिकेट संघटनेचा असतो आणि ती संघटना नफ्यासाठी चालवली जात नाही. अमेरिकेत संघ ही मालकाची खासगी मालमत्ता असते आणि लीग म्हणजे अशा मालकांनी मिळून केलेली व्यवस्था. शहराचे नाव संघाच्या नावापुढे लागते, परंतु शहराचा त्याच्यावर कोणताही हक्क नसतो. शहराच्या किंवा काउंटीच्या मालकीचे फार तर सभागृह असते, जे संघ भाड्याने घेतो. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाचा संघ खालच्या पातळीवर घसरतो, तशी तरतूदही इथे नाही. वरच्या लीगमध्ये जायचे तर खेळून नव्हे, सदस्यत्व विकत घेऊनच जावे लागते.

लीग मोडली की संघाने दुसरी लीग शोधावी, हे ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात नव्या लीगचे प्रवेशशुल्क भरावे लागते, तिथल्या संघांची शहरे बसप्रवासाच्या टप्प्यात असावी लागतात आणि दुय्यम पातळीवर खेळाडूंच्या पगाराचा वाटा उचलणारा वरच्या लीगमधला एखादा पालक संघ मिळवावा लागतो. मायनर लीगच्या संघाचे उत्पन्न मुख्यतः तिकिटे, खाद्यपदार्थ आणि स्थानिक जाहिराती यांवर चालते. दूरचित्रवाणीच्या हक्कांचे पैसे जवळजवळ नसतातच. चार हजार आसनांच्या सभागृहात तिकिटाचा दर कारखान्यातल्या कामगाराच्या खिशाकडे पाहूनच ठेवावा लागतो. त्यामुळे सभागृह भरले तरी उत्पन्नाला वरची मर्यादा आहे, आणि खर्चाला मात्र अशी मर्यादा नाही.

तटस्थ

जेट्सचा विषय निघाला आहे तर १९७७ च्या 'स्लॅप शॉट' या चित्रपटाचा उल्लेख अपरिहार्य आहे, कारण पुढे याच शहरातल्या एका खऱ्या संघाचे नाव त्यातून आले. नेड डाउड हा जेट्सचा खेळाडू होता. त्याची बहीण नॅन्सी डाउड हिने जॉन्सटाउनला येऊन संघाचे राहणीमान आणि बोलणे जवळून पाहिले, त्यासाठी नेडने कपडे बदलण्याच्या खोलीतले संवाद ध्वनिमुद्रित करून दिले, आणि त्यातून पटकथा तयार झाली. चित्रीकरण १९७६ मध्ये बरेचसे जॉन्सटाउनमध्येच, वॉर मेमोरियलच्या बर्फावर झाले. चित्रपटातल्या चष्मेवाल्या, मारामारी करणाऱ्या तीन भावांमागे जेट्सकडून खेळलेले जॅक, स्टीव्ह आणि जेफ हे कार्लसन बंधू आहेत. चित्रीकरणाच्या वेळी जॅकला वरच्या लीगच्या एडमंटन संघाने बोलावून घेतल्यामुळे त्याच्या जागी डेव्ह हॅन्सन हा सहकारी उभा राहिला.

या चित्रपटाने शहराला जगभर ओळख दिली हे मान्य आहे, पण संघाच्या इतिहासावर त्याने अन्यायही केला, असे माझे मत आहे. जेट्स म्हणजे हाणामारी, ही प्रतिमा १९७४ नंतरच्या दोन-तीन हंगामांपुरती खरी आहे. त्याआधीच्या दोन दशकांत हा संघ उत्तम आक्रमक खेळासाठी ओळखला जात होता आणि त्याचा कणा होता डिक रोबर्ज. ईस्टर्न लीगच्या इतिहासात सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूंमध्ये त्याची गणना होते. त्याने संघात खेळत असतानाच प्रशिक्षकाची जबाबदारीही सांभाळली, आणि १९७५ चा करंडक जिंकणाऱ्या संघाचा प्रशिक्षकही तोच होता. तो काळ असा होता की राष्ट्रीय हॉकी लीगमध्ये १९६७ पर्यंत अवघे सहा संघ होते. शंभरेक खेळाडूंनाच सर्वोच्च पातळीवर जागा मिळत असे. त्यामुळे जे खेळाडू आज सहज वरच्या लीगमध्ये दिसले असते, ते तेव्हा जॉन्सटाउनसारख्या शहरात दहा-पंधरा वर्षे राहत, तिथेच घर करत आणि गावाचे होऊन जात. १९६७ नंतर वरच्या लीगचा विस्तार झाला, १९७२ मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली आणि गुणी खेळाडू भराभर वर ओढले गेले. खाली उरलेल्या जागा धटिंगण खेळाडूंनी भरल्या. चित्रपटात दिसते ती हॉकी या बदलातून आलेली आहे, जॉन्सटाउनच्या स्वभावातून नव्हे.

लोहभट्टी

तटस्थ यांच्या विवेचनाशी सहमत. चित्रपटाच्या कथेत पोलाद कारखाना बंद होणार असल्यामुळे संघ संकटात सापडतो. चित्रपट फेब्रुवारी १९७७ मध्ये प्रदर्शित झाला आणि जुलै १९७७ मध्ये जॉन्सटाउनला पुन्हा पूर आला. १९३६ च्या पुरानंतर सैन्याच्या अभियंत्यांनी नद्यांना काँक्रीटचे काठ बांधून दिले होते आणि शहर स्वतःला पूरमुक्त म्हणवून घेत होते. १९ जुलैच्या रात्री डोंगरात अतिवृष्टी झाली, लॉरेल रनसह काही लहान धरणे फुटली आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वॉर मेमोरियलमध्ये पाणी शिरले, बर्फाची यंत्रणा निकामी झाली. बेथलेहेम स्टीलच्या कारखान्याचेही मोठे नुकसान झाले आणि कंपनीने त्याच वर्षी हजारो कामगारांना घरी बसवले. जेट्स संपले ते या पुरामुळे, असेच सामान्यतः सांगितले जाते, आणि मलाही तेच कारण मुख्य वाटते. सभागृहच नाही तर संघ कुठे खेळणार?

तटस्थ

लोहभट्टी, या कारणाला माझी हरकत आहे. नॉर्थ अमेरिकन हॉकी लीग त्याच उन्हाळ्यात विसर्जित झाली आणि ती जॉन्सटाउनच्या पुरामुळे झाली नाही. वरच्या दोन लीगमधल्या स्पर्धेने सर्वांचेच पैसे संपत आले होते. याच लीगमधल्या इतर संघांचे काय झाले ते पाहावे. फिलाडेल्फिया फायरबर्ड्‌सनी अमेरिकन हॉकी लीगमध्ये प्रवेश घेतला. बिंगहॅमटनच्या ब्रूम डस्टर्सचा संघ संपला, परंतु त्या गावात ऱ्होड आयलंडचा रेड्स हा संघ आणला गेला आणि त्याला डस्टर्स हेच नाव देऊन खेळ चालू राहिला. म्हणजे ज्या गावाकडे वापरण्याजोगे सभागृह आणि थोडे भांडवल होते, त्याला दुसऱ्या लीगचे दार उघडे होते. जॉन्सटाउनकडे त्या ऑगस्टमध्ये यांपैकी काहीच नव्हते. पूर नसता तर जेट्सना नवी लीग शोधता आली असती, आणि लीग टिकली असती तर पुराच्या दुरुस्तीनंतर त्यांना परतता आले असते. एकाच उन्हाळ्यात दोन्ही गोष्टी घडल्या.

नदीकाठ

तटस्थ यांनी केलेला उलगडा मला पटतो, कारण लगेच पुढे जे घडले त्याच्याशी तो जुळतो. सभागृह दुरुस्त झाल्यावर १९७८-७९ मध्ये जॉन्सटाउन विंग्ज हा संघ नॉर्थईस्टर्न हॉकी लीगमध्ये उतरला. पुढच्या वर्षी लीगने ईस्टर्न हे जुने नाव घेतले आणि संघाने रेड विंग्ज हे. १९८० मध्ये तोही बंद झाला. या वेळी पूर नव्हता, सभागृह शाबूत होते, परंतु शहराचे उत्पन्न आटलेले होते. १९७० मध्ये ४२,४७६ असलेली लोकसंख्या १९८० मध्ये ३५,४९६ वर आली होती आणि १९८३ मध्ये इथला बेकारीचा दर पंचवीस टक्क्यांच्या आसपास, देशातल्या सर्वाधिक दरांपैकी एक होता. पुढची सात वर्षे वॉर मेमोरियलमध्ये व्यावसायिक हॉकी झाली नाही.

चेंडूफळी

हॉकीत इतके रमलात की बेसबॉल मागे राहिला. इथला बेसबॉल हॉकीपेक्षा जुना आहे. नद्यांच्या संगमापाशी १९२६ मध्ये पॉइंट स्टेडियम बांधले गेले. त्याच्या आदल्या वर्षी मिडल अटलांटिक लीग सुरू झाली होती आणि जॉन्सटाउन जॉनीज हा संघ तिच्यात होता. पुढे अमेरिकन लीग या बेसबॉलच्या वरच्या लीगचा अध्यक्ष झालेला आणि बेसबॉलच्या गौरव दालनात गेलेला ज्यो क्रोनिन १९२५ मध्ये, वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, याच जॉनीजकडून खेळला.

मिडल अटलांटिक लीग १९५१ नंतर चालली नाही. तिला दूरचित्रवाणीने मारले, असे म्हणता येईल : लोकांना वरच्या लीगचे सामने घरबसल्या दिसू लागले आणि देशभर खालच्या दर्जाच्या लीग ओसरल्या. जॉन्सटाउनला १९५५ आणि १९५६ मध्ये बेसबॉलच्या ईस्टर्न लीगचा संघ मिळाला, आणि १९६१ मध्ये बोस्टन रेड सॉक्सच्या छत्राखालचा आणखी एक, तोही एकच हंगाम. या संघांना लोकांचा लळा लागायलाही अवधी मिळाला नाही.

त्यानंतर चौतीस वर्षांनी, १९९५ मध्ये, कोणत्याही मोठ्या संघाशी संलग्न नसलेल्या फ्रंटियर लीगमध्ये जॉन्सटाउन स्टील हा संघ आला आणि पहिल्याच वर्षी विजेता ठरला. काही वर्षांनी त्याने जॉनीज हे जुने नाव धारण केले आणि २००० मध्ये पुन्हा विजेतेपद मिळवले. २००२ च्या हंगामानंतर हा संघ केंटकी राज्यातील फ्लॉरेन्सला गेला, कारण सिनसिनाटी महानगराच्या कडेला असलेल्या त्या गावात प्रेक्षकांची आणि जाहिरातदारांची संख्या कितीतरी अधिक होती. दोनदा विजेता ठरलेला संघ आठ हंगामांत गाव सोडून जातो, हे धागाकर्त्यांच्या मूळ म्हणण्याला पूरकच आहे.

बंदिस्त फुटबॉलचे २००० मधला 'जे डॉग्ज' आणि नंतरचा 'रिव्हरहॉक्स' या संघांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. त्या खेळाच्या लीगच इतक्या अल्पायुषी होत्या की संघांकडून वेगळी अपेक्षा ठेवता येत नाही.

हिशेबनीस

आता चीफ्सबद्दल, कारण ही सर्वांत अलीकडची आणि हिशेबाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी गोष्ट आहे. जानेवारी १९८८ मध्ये ऑल-अमेरिकन हॉकी लीगच्या चालू हंगामात जॉन्सटाउन चीफ्स हा संघ दाखल झाला. हे नाव चित्रपटातल्या काल्पनिक संघाचे. त्याच वर्षी हेन्री ब्रॅबम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईस्ट कोस्ट हॉकी लीग स्थापन केली. तिच्या पहिल्या हंगामात पाच संघ होते : कॅरोलायना, ईरी, नॉक्सव्हिल, व्हर्जिनिया आणि जॉन्सटाउन. त्या पहिल्याच हंगामात चीफ्स अंतिम फेरीत पोहोचले आणि सातव्या सामन्यात कॅरोलायनाकडून हरले. चित्रपटामुळे प्रसिद्धी पावलेला स्टीव्ह कार्लसन त्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांचा प्रशिक्षक होता. विजेतेपद त्यांना नंतरही कधी मिळाले नाही.

तरीही हा संघ २२ हंगाम टिकला. पाच संस्थापक संघांपैकी इतर सर्व एकेक करून बंद पडले किंवा स्थलांतरित झाले. मूळ गावात मूळ नावाने खेळत राहिलेला एकमेव संघ चीफ्स हाच होता. १९९२ मध्ये बेथलेहेम स्टीलने जॉन्सटाउनमधला कारभार गुंडाळला, त्यानंतरही चीफ्स अठरा वर्षे चालले, हे पोलाद गेले म्हणून हॉकी गेली असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

गणित बदलले ते लीगच्या विस्तारामुळे. बसने काही तासांत गाठता येणाऱ्या गावांची ही लीग २००३ मध्ये पश्चिमेकडच्या लीगचे संघ सामावून घेऊन ३१ संघांची झाली. अलास्का आणि लास व्हेगस एकीकडे, जॉन्सटाउन दुसरीकडे. सदस्यत्वाची किंमत वाढली, संघांची सभागृहे मोठी होत गेली, आणि एकवीस हजार लोकवस्तीचे गाव त्यात सर्वांत लहान बाजारपेठ ठरले. फेब्रुवारी २०१० मध्ये संघ साउथ कॅरोलायनातील ग्रीनव्हिल येथे हलवण्याची घोषणा झाली. तिथले सभागृह वॉर मेमोरियलच्या तिपटीहून मोठे होते आणि रिकामे होते, कारण ग्रीनव्हिलचा स्वतःचा ग्राउल हा संघ, २००२ मध्ये लीगचा करंडक जिंकूनही, २००६ मध्ये बंद पडला होता. मालकाच्या बाजूने पाहिले तर या निर्णयात दुष्टावा नव्हता. सभागृहाची आसने वाढवता येत नाहीत आणि तिकीट महाग करता येत नाही, तेव्हा उत्पन्न वाढवण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे दुसरे सभागृह.

प्रश्नार्थी

म्हणजे आता वॉर मेमोरियलचा उपयोग काय होतो? आणि चीफ्स गेल्यावर दुसरा संघ आणण्याचे प्रयत्न झाले का?

नदीकाठ

झाले. चीफ्स गेल्यानंतर व्हीलिंग नेलर्स या शेजारच्या संघाने आपले काही सामने जॉन्सटाउनमध्ये खेळवले. ती तात्पुरती सोय होती. २०१२ मध्ये टोमाहॉक्स हा ज्युनियर संघ आला, आणि तो आला अलास्कातून. ज्युनियर संघातली मुले वीस वर्षांच्या आतबाहेरची असतात, त्यांना पगार नसतो, महाविद्यालयीन हॉकीत प्रवेश मिळवणे हे त्यांचे उद्दिष्ट असते आणि ती बहुधा गावातल्या कुटुंबांच्या घरी राहतात. पगाराचा खर्च वजा झाल्यामुळे चार हजार आसनांचे सभागृह या पातळीला पुरेसे मोठे ठरते. व्यावसायिक खेळाच्या दृष्टीने ही उतरण आहे, परंतु हिशेबनीस यांनी मांडलेल्या गणिताचे हे एकमेव व्यवहार्य उत्तरही आहे असे मला वाटते.

इमारतीबद्दल सांगायचे तर २०१५ मध्ये एका खाद्यपदार्थ कंपनीने घेतलेल्या 'हॉकीव्हिल' या देशव्यापी मतदान स्पर्धेत जॉन्सटाउन पहिल्याच वर्षी विजयी झाले. सभागृहाच्या दुरुस्तीसाठी दीड लाख डॉलर मिळाले आणि त्या सप्टेंबरमध्ये पिट्सबर्ग पेंग्विन्स आणि टॅम्पा बे लाइटनिंग या वरच्या लीगमधल्या संघांचा हंगामपूर्व सामना तिथे झाला. स्पर्धा मतांची होती, आणि वीस हजारांच्या गावाला एवढी मते आसपासच्या परगण्यातून आणि गाव सोडून गेलेल्यांकडून मिळाली असणार, हे उघड आहे.

आकडेवारी शोधू इच्छिणाऱ्यांसाठी एक सूचना. जेट्स शेवटची चार वर्षे ज्या लीगमध्ये खेळले आणि टोमाहॉक्स ज्या लीगमध्ये आले, त्या दोन्हींचे नाव नॉर्थ अमेरिकन हॉकी लीग असेच आहे. पहिली व्यावसायिक होती आणि १९७७ मध्ये संपली; दुसरी ज्युनियर आहे आणि तिचा पहिलीशी काहीही संबंध नाही. त्यामुळे या नावाने शोधताना वर्ष पाहूनच आकडे घ्यावेत.